जोडीचा श्वास

बँडच्या मास्तरांनी सांगितलं म्हणून अश्लेषा दुपारी चार वाजता गास गावाला ट्रम्पेट आणायला गेली. काम एवढंच. पेटी स्कूटरवर पायापाशी मावेल का, याशिवाय दुसरी काळजी तिच्या डोक्यात नव्हती.

ट्रम्पेट बँडचा होता, पण दीड वर्ष क्लेमेंटीन मावशींच्या घरी पडून होता. त्यांचा मुलगा ग्लॅडविन तो वाजवायचा. ग्लॅडविन गेला, आणि त्या घरी जाऊन ट्रम्पेट परत मागायची हिंमत बँडमधल्या एकाही मोठ्या माणसाला झाली नाही. अशा वेळी मोठी माणसं काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. लहानांना पाठवतात.

मावशी ओट्यावर मुळ्याच्या जुड्या बांधत होत्या. अश्लेषाने कशाला आली ते सांगितलं. त्यांनी हातातली जुडी पुरी केली.

"मास्तर सोता नाय आला?"

"त्यांना मीटिंग आहे, मावशी."

"हं. मीटिंग." त्या उठल्या, आतून काळी पेटी घेऊन आल्या. तिच्यावर धुळीचा कण नव्हता. "बाय, याच्यावर एकटी वाजवू नको."

"आता बँडमध्ये ट्रम्पेट एकच आहे मावशी. मीच."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग सुंभ दाताने तोडून त्यांनी पुढची जुडी घेतली.

अश्लेषा वीस वर्षांची. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून ती घरी आली तेव्हा तिचे बाबा, जयवंतराव, पंधरा दिवस तिच्याशी अक्षर बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी बोलले ते असं, "छान. कॉलेज सोडलंस, आता पिपाणी फुंक." होळी गावात त्यांची केळीची वाडी. पण पोरीने वाडीत काम केलेलं त्यांना चालणार नव्हतं आणि घरात बसलेलं खपणार नव्हतं. गोखिवऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्यांनी परस्पर तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. डिसेंबरातला बँडचा कार्यक्रम होईपर्यंतची मुदत. नंतर नऊ ते सहा, बिलं टाइप करायची.

त्यातून सुटायची वाट एकच होती, आणि ती फर्डिनंड मास्तरांच्या हातात होती. बँडचा नव्या पोरांचा क्लास सुरू होणार होता. "डिसेंबरात लांब सूर नीट धरलास," मास्तर म्हणाले होते, "तर क्लास तुझा."

आता हा लांब सूर काय, ते सांगायला हवं. बँडचं एक जुनं संथ मार्च होतं, मिरवणुकीतलं. त्याच्या शेवटी ट्रम्पेट एकच सूर धरून राहतो. चाळीस आकडे. मास्तर काठीने जमिनीवर मोजतात. एका माणसाच्या छातीचं ते काम नाही, म्हणून दोघांची जोडी लागते. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने धरायचा. मग त्याने घ्यायचा, याने धरायचा. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना एकच मंत्र दिला होता. "दोघांनी एकदम सोडायचा नाही. जीव गेला तरी."

असल्या गोष्टी ते फार चवीने सांगत.

शेवटची जोडी मास्तर आणि ग्लॅडविन यांची. ग्लॅडविन गेल्यावर मास्तरांनी वाजवणं सोडलं. ओठ गेले, म्हणाले. अश्लेषाने एकटीने जमेल तेवढा सूर धरायचा, पंधरा आकडे झाले तरी पुष्कळ, असं ठरलं होतं.

बँडची खोली पत्र्याची. ओल्या गोणपाटाचा वास, पितळेचा वास, आणि एक ट्यूबलाइट जी लागायच्या आधी बराच वेळ कुरकुरायची. त्या संध्याकाळी अश्लेषाने ग्लॅडविनचा ट्रम्पेट पहिल्यांदा ओठाला लावला. माउथपीसला खोकल्याच्या गोळीचा गारसर वास होता. दीड वर्षानंतर. तिने तो शर्टाला पुसला. वास गेला नाही.

मार्च शेवटाला आलं. तिने सूर धरला. मास्तर डोळे मिटून काठी आपटत होते. दहा... बारा... चौदाला तिची छाती रिकामी झाली. तिने ओठ सोडले आणि श्वास घेतला.

सूर थांबला नाही.

ट्रम्पेट तिच्या ओठांपासून बोटभर लांब होता आणि सूर चालू होता. तिच्यापेक्षा किंचित बारीक, पण स्वच्छ. तिच्या डाव्या खांद्यापाशी. जोडीदार जिथे उभा राहतो तिथे. तिने मान वळवली नाही. वळवता आलीच नाही म्हणा. भीतीने तिने ओठ पुन्हा टेकवले, फुंकलं, आणि तो सूर अलगद तिच्या सुरात शिरून बसला.

चाळीस.

मास्तरांनी डोळे उघडले. "बघा रे! याला म्हणतात दम!"

मोठा ढोल वाजवणारा सिद्धेश मागून म्हणाला, "काय खाऊन आलीस? मला पण सांग, आईला सांगतो डब्यात द्यायला."

"मी मध्ये श्वास घेतला," अश्लेषा म्हणाली.

"ऐकू आला नाही," मास्तर म्हणाले. "तेच तर कौशल्य!"

आणि ती गप्प बसली. ते लपवण्यात अर्थ नाही. वीस वर्षांत कुणा मोठ्या माणसाने तिच्याकडे बघून असा चेहरा केला नव्हता. भुताने का होईना, कुणीतरी तिची बाजू धरली होती. पुढचे आठ दिवस ती रोज वाजवत राहिली, रोज चौदाला सोडत राहिली, आणि डावीकडून रोज कुणीतरी न चुकता धरत राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी ती गॅसपाशी चहा करत होती. श्वास बाहेर सोडला. आत आलाच नाही.

गुदमरली नाही हो. खोकला नाही, ठसका नाही. छाती नुसती थांबली. कुणी हात वर करून "जरा थांब, माझा टर्न" म्हणावं तशी. चहा उतू जात होता, तो तिला दिसत होता. सवयीने तिने आकडे मोजले. चौदा झाले आणि छाती आपोआप उघडली.

दुसऱ्या दिवशी अठरा. मग बावीस. बँकेच्या रांगेत, स्कूटरवर, एकदा बाबांशी भांडताना. गोखिवऱ्यावरून वाद पेटला होता, ती ताडताड बोलत होती आणि वाक्याच्या मध्येच श्वास संपला. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"आता का तोंड बंद झालं?" बाबा म्हणाले. "काही उत्तर नाही ना?"

तिने भिंत धरली. पंचवीस. सव्वीस. बाबा पेपर उघडून बसले होते.

डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला. उत्तम. "अँक्झायटी. मोबाइल कमी करा." बाबा गाडीत बसेपर्यंत ते वाक्य चघळत होते.

तिने ट्रम्पेट पेटीत घालून बँडच्या खोलीवर ठेवला आणि चार दिवस तिकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी अंघोळ करताना छत्तीस आकडे झाले आणि ती बादलीवर पडली. कार्यक्रम तीन दिवसांवर होता.

त्याच दुपारी ती गासला गेली.

क्लेमेंटीन मावशींनी तिचे निळसर ओठ पाहिले आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"तो धरतो ना तुझ्यासाठी?"

अश्लेषाने मान हलवली.

"चांगला पोर होता. कोनाचं घेऊन ठेवनारा नव्हता. तुला धरून देतो, मग सोताचा टर्न मागतो." मावशी जमिनीकडे बघत बोलत होत्या. "चार दिवस ताप होता त्याला. छातीत भरलेलं. मी बोलले, मिरवनुकीला नको. मास्तर दारात येऊन बोलला, एक सूर तर धरायचाय, मोठे पाहुने येतात. गेला. लांब सुराला त्याने धरला, मास्तरने श्वास घेतला. मग मास्तरचा टर्न. तेवढ्यात पाहुने आले..." त्या थांबल्या. "मास्तरने ट्रम्पेट काखेत घातला. हात मिळवला. फोटो काढला. माझा पोर धरून राहिला. दोघांनी एकदम सोडायचा नाय ना... तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जीव गेला. मयताला ह्याच बँडने वाजवलं. मास्तर पुढे होता."

"कुणी काही बोललं नाही?"

"देवाची मर्जी बोलले ना सगळे."

अश्लेषा तिथून थेट मास्तरांकडे गेली. मास्तर व्हरांड्यात कार्यक्रमाची पत्रिका तपासत होते. प्रमुख पाहुण्यांच्या नावात एक काना राहिला होता, त्यावर ते वैतागले होते.

"मला जोडीतून सोडवा, मास्तर."

"कसली जोडी? तू एकटी वाजवतेस."

"मी चौदाच धरते. बाकीचे ग्लॅडविन धरतो."

पेन थांबलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. अश्लेषाला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याचीच. आश्चर्य नव्हतं.

"त्या बाईने भरवलं तुझ्या डोक्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन दिवस राहिले. नावं छापून झाली. कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

"मास्तर, सकाळी छत्तीस झाले. कार्यक्रमापर्यंत किती होतील?"

"तुमच्या पिढीला कशाचंच ओझं पेलत नाही! आणि जोडी अशी तोंडाने सुटत नसते. बँडसमोर दुसऱ्याच्या हातात ट्रम्पेट द्यावा लागतो, त्याने पहिला सूर काढावा लागतो. कोण आहे दुसरा? सिद्धेश? त्या चिल्ल्यापिल्ल्यांपैकी कुणी?"

तिने अंगणात पाहिलं. नव्या क्लासला नाव दिलेली तीन पोरं तिथे सायकली फिरवत होती. थोरला असेल अकरा वर्षांचा. धापा टाकत, हसत, मोठ्ठाले श्वास घेत.

"नाही," ती म्हणाली. "त्यांच्यापैकी कुणी नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. सहा वाजले होते, उजेड अजून पुरता गेला नव्हता. पुढे सोफ्यावर पाहुणे, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तळणीचा वास. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर. दुपारी कपडे करताना तिची छाती एकावन्न आकडे बंद राहिली होती. डोळ्यांपुढे अजून काळे ठिपके नाचत होते.

निवेदिकेने तिचं नाव पुकारलं. "एका श्वासात चाळीस आकडे! आपली अश्लेषा!" टाळ्या झाल्या. सातव्या रांगेत बाबा होते, तेही वाजवत होते.

अश्लेषा माइकपाशी गेली.

"आज लांब सूर मी धरणार नाही," ती म्हणाली. "ज्यांनी शिकवला, ते धरतील. फर्डिनंड मास्तर."

मैदानाने शिट्ट्या मारल्या. सोफ्यावरचे पाहुणे वळून, हसून हात हलवू लागले, या की मास्तर, या! मास्तर तिच्याजवळ आले. चेहऱ्यावर हसू, आवाज दातांमागून.

"हे काय चालवलंयस?"

"तुमचाच टर्न आहे," ती म्हणाली. "तेव्हाचाच राहिलाय."

तिने ट्रम्पेट पुढे केला. मास्तर नाही म्हणू शकले असते. पोटात दुखतंय म्हणाले असते, ओठ गेले म्हणाले असते. पण समोर पाहुणे होते, फोटोवाला होता. त्यांनी ट्रम्पेट घेतला.

बँड सुरू झाला. मार्च शेवटाला आलं आणि मास्तरांनी सूर धरला. दहा. वीस. अठ्ठावीसच्या सुमारास त्यांचे ओठ सुटलेले अश्लेषाने पाहिले. सूर सुटला नाही. मास्तरांचे डोळे डावीकडे गेले आणि तिथेच राहिले. चाळीस झाले, लोक उभे राहिले. साठ झाले. सिद्धेशच्या हातातली काठी खाली आली. सत्तरच्या पुढे कधीतरी सूर अलगद मिटला. पडला नाही, तुटला नाही. कुणीतरी समाधानाने ठेवून दिला.

अश्लेषाच्या छातीत काहीतरी सुटलं. तिने श्वास घेतला. तळापर्यंत. तेलाचा, धुळीचा, माणसांचा वास असलेली हवा. आणखी एक घेतला. कुणी अडवलं नाही.

टाळ्या थांबेनात. मास्तर आभार मानायला माइकपाशी गेले. तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

त्यांनी माइकवर बोटाने टकटक केलं. ती टकटक मैदानभर ऐकू आली. पुन्हा ओठ हलले. साउंडवाल्या पोराला वाटलं आवाज कमी पडतोय, त्याने बटण वर सरकवलं. लोक शांत झाले. मास्तर बोलणार म्हणून सगळं मैदान कान देऊन उभं राहिलं.

मास्तरांचा हात गळ्याकडे गेला होता. तोंड आता घट्ट मिटलेलं होतं, डोळे अश्लेषावर होते. तिने एक पाऊल पुढे टाकलं असतं तर माइकपर्यंत पोहोचली असती. तिने टाकलं नाही.

आणि दोन्ही स्पीकरमधून, एकदम स्वच्छ, कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. संथ. घरघर असलेला. फार दिवसांनी घ्यायला मिळावा तसा, आत, आणखी आत जाणारा... लोक वाट बघत होते, की आता हा संपेल आणि मास्तर बोलतील.

तो संपत नव्हता.