भिंतीपलीकडची कॉमेंट्री

"तो फाउल नव्हताच मुळी."

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता नेल प्रुइटच्या तोंडून निघून गेलं, आणि शेजारच्या गाडीची काच खरवडणारा हात थांबला. लोकरीच्या टोपीखालून दोन तपकिरी डोळे तिच्याकडे वळले.

"कुठला फाउल?"

झालं! नेलला वाटलं, याच बर्फात स्वतःला पुरून घ्यावं. मॅच कालची, तीही टीव्हीवरची. पण त्या फाउलवरून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा आवाज या माणसाचा होता. तो भिंतीपलीकडून आला होता, आणि ही बया भिंतीला पाठ टेकून ऐकत बसली होती. कालच नाही... गेला सगळा हिवाळा, त्याआधीचा सगळा पानझडीचा मोसम.

एकाच घराचे मधोमध लाकडी भिंत घालून दोन भाग केलेले. एका भागात नेल, दुसऱ्यात एमेट स्ट्रॉड. तो शाळेची बस चालवायचा. ती सुपरमार्केटच्या बेकरीत दालचिनीचे रोल भाजायची. दुपारी घरी यायची तेव्हा हातांना गोड वास आणि पुढे अख्खा रिकामा दिवस. इंडियानातल्या या छोट्या गावात ती आली होती ती एका माणसाला मागे टाकून. लग्नाचा हॉल ठरल्यावर त्याला एकाएकी 'थोडा वेळ हवा' होता. घे बाबा, हवा तेवढा घे, म्हणून ही निघाली. पण इथे ओळखीचं कुणी नाही. शनिवारी गाव कॉलेजच्या फुटबॉलमध्ये बुडालेलं, रविवारी व्यावसायिक फुटबॉलमध्ये, आणि थंडी पडली की बास्केटबॉल... त्याबद्दल तर बोलायलाच नको. कॉलेजच्या टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. त्या बगळ्यांवर गावाचा एवढा जीव, की ते हरले तर सोमवारी बेकरीत कुणी धड बोलायचं नाही.

नेलकडे टीव्ही नव्हता. तिच्याकडे तो आवाज होता.

तो काही रेडिओवरच्या निवेदकासारखा नव्हता. "लांबट्याला दिला बॉल. कशाला दिला? त्याच्या हातांना लोणी लावलंय! हं, आले, डावीकडून आले... पडला. थांबा बाबा, उठतोय. लंगडत नाहीये, काळजी नको." असा तो बोलायचा, सगळं अगदी बैजवार, समोरच्याला काही म्हणता काही दिसत नसल्यासारखं. 'बाबा' ऐकून नेलने ठरवून टाकलं होतं, की पलीकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत. तिने ते आता बोलूनही दाखवलं. म्हणाली, तुमच्या वडिलांनाही सांगा, तो फाउल नव्हता. तुम्हीच सांगितलंत की हात बॉलला लागला.

एमेटने टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाबा एप्रिलमध्ये गेले," तो म्हणाला. "शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. टीव्हीवाले फार गोड बोलतात म्हणायचे, आवाज बंद कर आणि तू सांग. त्यांची खुर्ची अजून तशीच आहे... सवय जात नाही."

नेल नुसतीच काच खरवडत राहिली. काच केव्हाच साफ झाली होती.

पुढच्या शनिवारी भिंत गप्प. लाजला असणार बिचारा. नेल राजमा-खिम्याच्या चिलीचा वाडगा मांडीवर घेऊन ताटकळत बसली, चिली गार झाली, आणि बगळ्यांनी घरच्या मैदानावर सपाटून मार खाल्ला. ते तिला दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या पडेल चेहऱ्यांवरून कळलं. मग मात्र तिला राहवेना. तिने सरळ त्याचं दार वाजवलं.

"तुम्ही गप्प बसलात म्हणून हरलो."

दुसऱ्या कुठल्या गावात माणूस हसला असता. एमेटचा चेहरा गंभीर झाला. "मलाही तेच वाटत होतं," तो म्हणाला.

पुढच्या मॅचला तो बोलला आणि बगळे जिंकले. त्यापुढचीही जिंकले. तेव्हा दोघांच्या सामाईक ओसरीवर एमेटने, बुटाच्या टोकाने बर्फ उकरत, विचारलं की भिंतीला कान लावण्यापेक्षा आत येऊन का बसत नाही. 'येते' हा शब्द नेलच्या ओठांवर आला होता... आणि तिची जीभ अडली.

"जिंकलो तेव्हा मी कुठे बसले होते?"

"भिंतीपलीकडे," एमेट म्हणाला, आणि त्याचाही चेहरा पडला.

आता याला वेड म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण या गावात टीम जिंकत असताना कुणी काही बदलत नाही. न्हावी स्वतःची दाढी करत नाही, पाद्री त्याच बाकावर बसून मॅच बघतो, आणि नेलने घातलेले मोजे, एक निळा, एक पिवळा, घाईत जोडी चुकलेले, ते तर धुवायचीही चोरी. तेव्हा ठरलं. तो त्याच्या बाजूला, ती तिच्या.

आणि बगळे जिंकतच सुटले!

जाहिराती लागल्या की तो भिंतीवर टकटक करायचा. आज काय शिजतंय, वास छळतोय, म्हणायचा. मग ती वाडगा घेऊन ओसरीवर जायची, तोही यायचा. वाडगा देताना बोटांना बोटं लागायची आणि दोघांपैकी कुणालाच हात काढून घ्यायची घाई नसायची. "चला... सुरू होईल," तो म्हणायचा. "हो ना," ती म्हणायची. दोन दारं लागायची. लाकडावर खांदा टेकला की वाटायचं, पलीकडेही इथेच खांदा असेल. इतकं जवळ आणि इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं. आधी निदान एकटेपणाला नाव-गाव नव्हतं.

एकदा तर तिने चक्क प्रार्थना केली, की देवा, एकदा हरू दे. आणि मग स्वतःचीच लाज वाटली. त्याहून वाईट एक शंका तिला कुरतडत होती. याला ही भिंत सोयीची तर वाटत नाही? यालाही 'थोडा वेळ' हवा असेल तर?

मार्चमधल्या त्या रविवारी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बगळे देशाच्या स्पर्धेत इतके पुढे कधीच गेले नव्हते. बाहेर बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या.

"एका गुणाने मागे," भिंत सांगत होती. "बॉल आपला. शेवटचा शॉट आपल्या हातात. टाइमआउट घेतलाय. पोरं घामाने निथळतायत. लांबट्या खाली बघतोय... वर बघ रे राजा..."

आणि शांतता.

"एमेट?" तिने भिंत ठोठावली. "बोला ना. काय होतंय?"

काही नाही. मग तिचं दार वाजलं.

तो उभा होता. अंगात कोट नाही, पायात नुसते मोजे, तेही भिजलेले.

"संपली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? मॅच सोडून आलात?"

"टाइमआउटमध्ये खुर्चीकडे वळलो, बाबांना सांगायला," तो म्हणाला, धाप लागल्यासारखा. "आणि लक्षात आलं, कितीतरी दिवसांत मी त्यांना काही सांगितलंच नाहीये. भिंतीकडे तोंड करून बोलतोय... तुला सांगतोय. जिंकलो तर पुन्हा भिंत. हरल्यावर ये म्हणालो, तर तुला वाटेल आता काय, मॅच नाही म्हणून बोलावतोय. म्हणून निकाल लागायच्या आत आलो. मला तू हवीयेस, नेल. बगळ्यांचं काय व्हायचं ते होवो."

या गावातल्या माणसाने यापेक्षा मोठं काही बोलायचं तरी काय? नेलचे डोळे भरून आले. तिने त्याचा गार हात धरला, आणि दोघं ओसरीवर कान देऊन उभे राहिले. जिंकलो असतो तर गाड्यांचे हॉर्न वाजले असते. एकही वाजला नाही. समोरच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला, त्याने बगळ्यांचा निळा झेंडा काढून गुंडाळला आणि दार लावून घेतलं.

"हरलो," एमेट म्हणाला.

"आपल्यामुळे."

"आपल्यामुळेच. गावात बोलू नकोस, जगू देणार नाहीत."

नेल भिंतीच्या त्या बाजूला पहिल्यांदाच आली. टीव्हीवर आवाज न करता पोरं रडत होती. तिने खुर्चीकडे बघून त्याला डोळ्यांनीच विचारलं. तो मानेनेच हो म्हणाला. ती जपून बसली आणि डोळे मिटून घेतले.

"सांग."

"संपली गं मॅच."

"माहितीये. तरी सांग, काय दिसतंय?"

मग तोच आवाज, पण आता मध्ये लाकूड नव्हतं.

"एक मुलगी खुर्चीत बसलीये. केसांना पीठ लागलंय. एक मोजा निळा, एक पिवळा... धुतलेले दिसत नाहीत. हसली. डोळे मात्र मिटलेलेच आहेत. बस ड्रायव्हर जागेवरून उठलाय. साफ घाबरलाय गडी, पण पुढे सरकतोय... आता खुर्चीपाशी आला... वाकला..."

आणि कॉमेंट्री थांबली. या खेपेला नेलने विचारलं नाही, काय होतंय म्हणून.