दोन दारांतून दिसलेला पूल

"मागं वळून बघू नकोस, रूपल. सूर्य मावळायच्या आत ताटावर बसायचंय."

मंजूभुवाचा हा आवाज बावीस वर्षांनंतरही रूपलच्या कानात जसाच्या तसा होता. भुवा म्हणजे वडिलांची बहीण. धुळ्याला राहायची. सिनेमाची तिला भारी हौस, पण चौविहार त्याहून पक्का. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. डिसेंबरातल्या एका दुपारी नऊ वर्षांच्या रूपलला घेऊन ती एका मुक्यामुक्या, उदास शहरी सिनेमाला गेली आणि ऊन उतरताच, शेवट यायच्या आधीच, तिचा हात धरून उठली.

रूपलनं वळून बघितलं होतं.

मिटत्या दाराच्या फटीतून पडदा दिसला. नदी, पूल, आणि पुलावर कुणाची तरी वाट बघत उभा असलेला एक माणूस. त्यानं मान वर करून सरळ तिच्याकडेच पाहिलं... आणि दार मिटलं.

आज जळगावात, वाचनालयाच्या सभागृहात, तोच सिनेमा लागणार होता. जानेवारीतला रविवार, दुपारचे दोन. पुढच्या रविवारी इंदूरच्या स्थळाकडची माणसं लग्न पक्कं करायला रुपया-नारळ घेऊन येणार होती. "तुम्हाला पटेल ते," असं रूपल पप्पांना म्हणून गेली होती. गेल्या सहा वर्षांत कुठल्याच स्थळाला तिचं मन वळलं नव्हतं. आताही वळलं नव्हतं. ती फक्त नाही म्हणायला कंटाळली होती.

दारावरचा शिपाई जीवराम हसला. "ताई, आज तुम्ही एकल्याच शेतस. बठ्ठा मॅच देखी ऱ्हायनात."

सगळं गाव मॅच बघत घरी बसलेलं; आत शंभर रिकाम्या खुर्च्या. मागच्या टेबलाशी एकजण प्रोजेक्टरची वायर लावत होता. पावलं ऐकून त्यानं मान वर केली.

रूपलचा पाय उंबऱ्यातच राहिला. पुलावरचा तोच चेहरा. ती वर्षानुवर्षं रोज सामायिकाला, ध्यानाला बसली, की डोळे मिटल्यावर नवकार मंत्राच्या आधी जो यायचा... तोच.

त्याच्या हातातली वायरही तशीच राहिली. मग तो म्हणाला, "या... बसा ना. चहा सांगू? मी पुनीत."

"गाठ आहे," तिनं ओढणीचं टोक दाखवलं. ही गाठ सुटेपर्यंत पाणीसुद्धा नाही, असा तिचा रोजचा नियम.

"कुणी बांधली?"

"मीच."

"मग बरंय. सोडणाराही घरचाच आहे."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग. ती पुढे जाऊन बसली.

सिनेमा सुरू झाला. लहानपणी तिला फक्त एवढंच कळलं होतं, की यात गाणी नाहीत. मोठ्या शहरातल्या एका खोलीत टायपिस्ट बाई एकटी राहते. भिंतीपलीकडच्या भाडेकरूचा रेडिओ रोज तिला ऐकू येतो. तो माणूस कधी दिसत नाही. रूपलला वाटलं होतं, बाई वाट बघतेय. आज एकतिसाव्या वर्षी दिसलं, की बाई उभ्यानं जेवते, एकच कप विसळते, आणि वाट बघायचंही विसरून गेलीय. स्वतःचीच खिडकी बाहेरून दिसावी, तसं झालं.

शेवटी रेडिओ बंद पडतो. बाई भिंतीला कान लावते. ऐकत राहते. पडदा काळा.

"पूल आलाच नाही," रूपल पुटपुटली.

मागे खुर्ची सरकली. "कुठला पूल?"

ती वळली. पुनीतचा चेहरा उतरला होता. "थांबा, तुम्ही सांगू नका. मी सांगतो," तो हळू म्हणाला. "नदीला पाणी थोडं. पलीकडे देवळाचं शिखर. धुळ्याला, दुपारच्या खेळाला... आईचा चौविहार होता. तिनं मला डाव्या दारानं ओढत नेलं."

"आम्ही उजव्या दारानं निघालो होतो."

मागे प्रोजेक्टर थंड होतानाचा टक् टक् आवाज येत होता.

"मला फक्त तो माणूस दिसला," रूपल म्हणाली. "समोरून."

"मला तो पाठमोरा दिसला. समोरून एक बाई येत होती. हनुवटीवर तीळ होता तिच्या." रूपलच्या हनुवटीवरच्या तिळाकडे बघायचं त्यानं टाळलं. "हा सिनेमा मी आधी दोनदा लावलाय. पूल एकदाही आला नाही. मग पडदा सोडून दाराकडेच बघत बसायला लागलो, कोण येतं ते."

"कोण आलं?"

"मागच्या वेळी पाच जण. चार झोपले, एक चप्पल विसरून गेला."

ती हसली. तिला तहान लागली होती. ती गाठ सोडायला लागली, तर गाठ उलट आवळत होती. पुनीत दोन पावलं पुढे आला... आणि हात मागे बांधून उभा राहिला. गाठ तिची तिलाच सुटली. तीन नवकार म्हणून ती आपल्या बाटलीतलं उकळलेलं पाणी प्यायली. तेवढा वेळ तो तिच्याकडे न बघता, फक्त तिच्यासाठी थांबून राहिला.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "कुणीतरी आधीच ठरवून ठेवल्यासारखं."

"मलाही वाटते."

"ती पोचली का त्याच्यापर्यंत?"

"नाही दिसलं. आईनं ओढलं." तो थांबला. "मला त्याचंच बरं वाटतं. पुलावरचा शेवट कुणीच पाहिला नाही. म्हणजे तो अजून कुणाचा नाही."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. तो म्हणाला, "उद्या मी धुळ्याला जातोय. अकरा वाजता पांझरा नदीच्या लहान पुलावर उभा असेन. पलीकडे तसंच शिखर आहे. तुम्ही नाही आलात, तर नदी बघून परत येईन. रागावणार नाही."

"नदीत बघण्यासारखं काय असतं हो जानेवारीत?"

"काही नाही. म्हणून तर म्हणतो."

दारापर्यंत जाऊन ती थांबली. "बावीस वर्षं मी तुम्हाला तिथं उभं ठेवलंय," ती खाली बघत म्हणाली. "मी येईन."

सोमवारी सकाळी दाट धुकं पडलं. रूपलचे पप्पा, उत्तमचंद, ओसरीवर पेपर वाचत होते.

"पप्पा, इंदूरला नाही म्हणून कळवा."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, सहा दिवस राहिलेत. काय कारण सांगू?"

"सांगा, मुलगी आधी विचार न करता बोलली. चूक तिची आहे, स्थळाची नाही."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. घरात इतक्या हळू आवाजात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि इतकं पक्कंही.

"आणि आता कुठं निघालीस?"

"धुळ्याला. एकाला येईन म्हणून सांगितलंय."

"कोण तो?"

"आधी बघून येते. मग तुम्हालाच सांगते पहिल्यांदा."

उत्तमचंदांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि उठून स्वतःच दाराची कडी काढली.

गल्ली दिसत नव्हती. समोरची दुकानं, खांब, स्टँडकडे जाणारा रस्ता, सगळं पांढऱ्यात बुडालेलं. एक पायरी उतरली, की पुढची पायरी दिसायची. तेवढीच बघत रूपल चालू लागली.