दुखण्याची भिशी

२०५९ साली मिरजेतल्या कुठल्याही घरी गेलं, की चहाच्या आधी एकच प्रश्न यायचा, "आज तुमच्या अंगात कुणाचं दुखतंय?"

तोवर ज्याचं दुखणं त्याच्याजवळच राहायचं. आई डोक्यावरून हात फिरवत "तुझं मला येऊ दे" म्हणायची. ते येत नसे, म्हणून म्हणायला सोपं जायचं. त्या वर्षापासून ते खरोखर येऊ लागलं. शर्टाच्या गुंडीएवढी एक वस्तू रुग्णाच्या कानामागे चिकटवायची आणि तिची जोडीदार दुसऱ्याच्या. लोक तिला भागी म्हणत, आणि ती लावून घेणाऱ्या दुसऱ्या माणसालाही भागीच.

ही भागी सगळ्यांत जास्त कुणाला हवी होती, तर शीतल मगदूमला, म्हणजे गल्लीच्या शीतलअक्काला. बाहत्तराव्या वर्षी तिचे दोन्ही गुडघे झिजले होते आणि यकृत जुन्या काविळीपायी आक्रसून गाठीगाठींचं झालं होतं. गुडघ्यांना गोळी हवी, यकृताला ती चालेना. मागल्या दिवाळीत चकल्या तळताना तिनं 'एकीनं काय होतंय' म्हणत शेजारणीची सांधेदुखीची गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी आणखी एक घेतली, आणि रक्ताची उलटी होऊन दवाखान्यात पोचली.

डॉक्टर रेहाना शिकलगार ही याच गल्लीत वाढलेली. अक्काच्या हातचे लाडू खाऊन मोठी झालेली, त्यामुळे तिला रागावताही येत नसे धड.

"अक्का, त्या गोळ्यांनी तुमच्या पोटात रक्त वाहतं, मूत्रपिंडं बसतात. पुन्हा हात लावायचा नाही."

"मग दुसरी दे की. एवढी शिकलीस कशाला?"

"जालीम औषध दिलं तर तुमचं यकृत ते वेळेत बाहेर टाकत नाही. गुंगीत घरच्यांनाही ओळखणार नाही तुम्ही."

"ओळखून तरी काय मिळालंय?" अक्का नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"साधी तापाची गोळी चालेल, पण मी ठरवीन तेवढ्याच कमी मापात."

"तिनं माझ्या गुडघ्याला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत."

म्हणून भागी. अक्काचा नवरा भूपाल याला ते पटेना. "डॉक्टर, दुखणं मधल्यामधे तोडून टाका की. दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?"

"तोडून बघितलं, काका. दुखणं म्हणजे गुडघ्यानं मेंदूला धाडलेला निरोप. मिळाल्याची पोच आली नाही, तर गुडघा दुप्पट जोरानं ओरडतो. पोच कुणाच्या मेंदूनं दिली, हे मात्र त्याला कळत नाही. कुणीतरी सोसलं म्हणजे झालं."

भूपालनं आयुष्यभर बायकोला "एवढं काय दुखतंय" असं विचारलं होतं. पहिला भागी तोच झाला. गुंडी चिकटवून तो ऐटीत उठला, "आई गं!" करून खाली बसला आणि पाणी मागू लागला. संध्याकाळपर्यंत त्यानं गुंडी परत केली. "मला दुकानात उभं राहावं लागतं," एवढंच म्हणाला. अक्काला मात्र त्या एका दुपारी लग्नानंतरचं सगळ्यांत मोठं समाधान मिळालं.

शेवटी गल्लीतल्या बायकांच्या भिशीनं मनावर घेतलं. नेहमीसारख्याच स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिनं आठवडाभर अक्काचे गुडघे न्यायचे. बायका कण्हत कण्हत येत आणि म्हणत, "अक्का, कसं सोसलंस गं इतकी वर्षं?" अक्का बिनकाठीची बस्तीत जिनदर्शनाला जायची, जिने चढायची, आणि कौतुकानं तिचा चेहरा फुलून यायचा. गुडघ्यांपेक्षा या कौतुकानं तिला अधिक बरं वाटत असे.

मग चिठ्ठी निघाली त्रिशलाची. त्रिशला म्हणजे अक्काची धाकटी जाऊ. एकाच घरात चाळीस वर्षं राहूनही जिचा आवाज कुणी फारसा ऐकला नाही अशी. तिनं गुंडी लावली आणि कणीक मळायला बसली.

"कसं वाटतंय?" अक्कानं अधीरतेनं विचारलं.

"चालू झालंय का?"

"अगं, दुखत नाही तुला?"

"नेहमीसारखंच आहे की."

अक्काला वाटलं यंत्र बिघडलं. दोघी दवाखान्यात गेल्या. रेहानानं दोन्ही गुंड्या तपासल्या, मग त्रिशलालाच तपासलं, आणि पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले.

"यंत्र ठीक आहे. त्रिशलाकाकू, तुमच्या कंबरेचं दुखणं अक्कांच्या गुडघ्यांच्या दुप्पट आहे. भरल्या बाजारात कुणी कुजबुजलं तर ऐकू येईल का? तसं झालंय. किती वर्षं दुखतंय?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून."

"बाई, मग बोलली नाहीस कधी?" अक्का ओरडली.

"तुम्ही बोलत होतात ना, अक्का. एका घरात किती जणींनी बोलायचं?"

ही बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या भिशीत कुणी त्रिशलाची कंबर मागितली नाही. उलट डबाच उघडला नाही. "त्रिशलाकडेच राहू दे की," बायका म्हणाल्या, "नाहीतरी तिला कळत नाही." एकीनं आपली मानही तिच्याकडे दिली, दुसरीनं अर्धशिशी. त्रिशला कुणाला नाही म्हणत नसे.

अक्का महिनाभर मजेत हिंडली. मग एके सकाळी रेहानाकडे जाऊन तिनं गुंडी टेबलावर ठेवली.

"अक्का, पुन्हा दुखेल. मला जोरदार काही देता येणार नाही."

"माहीत आहे. माझं दुखणं कुणाच्या तरी अंगात आहे आणि तिला पत्ताच नाही, म्हणजे काय? त्यापेक्षा माझ्याकडेच बरं. मी निदान त्याच्या नावानं ओरडते तरी."

पुढे भूपालनं "एवढं काय दुखतंय" हे वाक्य कायमचं सोडलं. दुकानातलं गिऱ्हाईक खोकलं तरी तो खुर्ची देई. रेहानानं भागी बंद करा म्हणून अर्ज केला. सरकारनं तिला सन्मानपत्र दिलं आणि तिच्याच तपासणीनं, लोकांची दुखणी ठेवायला, राज्यभर 'न कळणारे भागी' शोधायला घेतले. सापडल्या त्या बहुतेक बायकाच. शीतलअक्का मापातली गोळी, गरम पाण्याची पिशवी आणि काठी यांवर ऐंशीच्या पुढे पोचली. यकृत टिकलं, तक्रारीही टिकल्या.

त्रिशलाच्या कानामागे आता सात गुंड्या आहेत. अक्का रोज सकाळी काठी टेकत तिच्या खोलीत जाते आणि विचारते, "दुखतंय का गं?"

त्रिशला रोज म्हणते, "तुमचं कसं आहे, अक्का?"