वाऱ्याविना लाट

पोरगी काय शिकते, असं बोरी गावात कुणी विचारलं की तानुबाई 'सूर्याचं काहीतरी' म्हणून मोकळी व्हायची. तिच्या लेकीचा, निकिताचा प्रबंध होता विद्युतप्रवाहाच्या पातळ थरावर. सूर्याभोवतीच्या तापलेल्या प्लाझ्मात दोन उलट्या दिशांची चुंबकीय क्षेत्रं समोरासमोर येतात आणि मधला हा थर त्यांना वेगळं ठेवतो. त्यावर बारीकशी लाट उठते, वाढत जाते, थर फाटतो आणि पलीकडचं अलीकडच्याला जोडलं जातं.

यंदा मे महिन्यात ती घरी आली ती वडिलांसाठी. पारावर बसून गावभरच्या गप्पा हाणणाऱ्या दिनकररावांनी दोन महिने तोंड उघडलं नव्हतं. परभणीच्या डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही.

"माझ्यावरच रुसलेत," तानुबाई म्हणाली. "जेवायलेत, फिरायलेत, पण बोलंनात."

दिनकरराव दिवसभर ओसरीवर बसून अंगणातल्या तारेवर कायम टांगलेली पांढरी चादर बघत. मग निकिताही बघू लागली. भर दुपारी लिंबाचं पान हलत नव्हतं आणि चादरीवर मात्र डावीकडून उजवीकडे लाट चालली होती. तिनं टेप लावून मोजली. उंची रोज जवळपास दीडपट होत होती. लॅपटॉपवरच्या तिच्या आलेखासारखीच. आधी तिला हसू आलं, मग मात्र आलं नाही.

तिनं वडिलांपुढे वही धरली. "अण्णा, बोलत का नाही?"

त्यांनी लिहिलं, 'चादरीच्या पलीकडनं हाका मारायलेत. तोंड उघडलं की ओ जाईल.'

निकिताला भीती वाटली ती वडिलांचं डोकं फिरल्याची. चादर काढू का म्हटल्यावर तर त्यांनी तिचं मनगटच धरलं. थर जाड केला की लाट सावकाश वाढते, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं चादर दुहेरी करून टाकली. लाट खरंच मंदावली. तीन दिवस दिनकरराव पोटभर जेवले.

चौथ्या दुपारी ती त्यांच्याशेजारी बसली. "बघा, काही नाही पलीकडे. आता एक शब्द बोला."

त्यांनी तळहात तोंडावर दाबला. निकिता हट्टाला पेटली होती. हसत हसत तिनं तो हात ओढून काढला आणि आपल्या हातात घट्ट धरला.

"निकी म्हणा. नुसतं निकी."

चादर फुगली.

मग मधोमध उभी फाटली. फाटल्याचा आवाज अगदी लहान होता.

ओठ मिटून ठेवायची वडिलांची धडपड तिला दिसली. मग ती धडपड थांबली.

"ओ," दिनकरराव म्हणाले, थोरल्या माणसाला म्हणावं तसं. "आलो."

तानुबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. "बोलले! माय, बोलले का गं?"

निकिताच्या हातातला हात गार पडत चालला होता. ती मनगटावर नाडी शोधू लागली.

"तानू," चादरीच्या पलीकडून दिनकररावांच्या आवाजात हाक आली.

तानुबाईचा चेहरा उजळला. पदर सावरत तिनं ओ दिली.