डाव्या चाकाचं बेअरिंग

छावणीतल्या लिलावात श्रीरंगने जुनी लष्करी जीप घेतली, तेव्हा विनयाने कपाळावर हात मारला होता. चिखल, नाला, वाळू, कुठूनही जाईल, असं तो कौतुकाने सांगत सुटला होता. तो लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ. महिन्यातून दोन-तीनदा तराईच्या जंगलात झाडपाला गोळा करायला जायचा. विनया मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची. नवऱ्याच्या खुळांना आधी हसायचं आणि मग त्यातच आपले हात काळे करायचे, हे वीस वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं.

१९७८च्या एप्रिलमध्ये मागच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. वेग वाढला की वाढायचा, उतरला की उतरायचा. गॅरेजवाल्याने पंधरा दिवस थांबायला सांगितलं. थांबेल तर तो श्रीरंग कसला. त्याने लाटूश रोडवरून नवी बेअरिंगं आणली आणि एका रविवारी सकाळी आलमबागच्या भाड्याच्या घराच्या अंगणात जॅक लावला.

"विनया, जुन्या साडीचा तुकडा आण गं. आणि रॉकेल."

"चांगली साडी फाडणार नाही, सांगून ठेवते."

चाक निघालं. त्यामागचा आस बाहेर आला, मोठा नट सुटला, आणि हब ग्रीससकट श्रीरंगच्या मांडीवर उतरला. बेअरिंगची आतली कडी रोलरांसकट हातानेच सुटली. बाहेरची कडी मात्र हबला घट्ट धरून बसली होती. पितळी दांडा लावून, हातोडीने सगळीकडून सारखं ठोकत त्याने ती बाहेर काढली. मग सगळं रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरलं.

"कमाल आहे. एक चरा नाही. आवाज तर ह्याचाच होता."

"मग कशाला बदलताय?"

"आणलंय तर बसवतो."

दुपारी चार वाजता जीप चारी पायांवर उभी राहिली. दोघं चारबागपर्यंत चक्कर मारून आले. आवाज साफ गेला होता. श्रीरंग घरभर ऐटीत फिरला, आणि जुनं बेअरिंग, टाकवत नाही म्हणून, विनयाच्या टेबलावर आलं. आतली कडी खाली, तिच्यावर बाहेरची कडी. उत्तरपत्रिकांवर ठेवायला छान वजनदार होतं.

चार दिवसांनी, पेपर तपासताना, बाहेरची कडी फिरताना तिला दिसली. पंख्याची हवा, असं म्हणून तिने पंखा बंद केला. कडी फिरतच राहिली आणि बारीक घुमत राहिली. तो आवाज तिने ओळखला. पाऊण तासाने कडी मंदावली, थांबली, आणि पाच मिनिटांत श्रीरंग दारात उभा राहिला.

विनया घाबरली नाही. तिने वही काढली. त्याच्या जाण्यायेण्याच्या वेळा एका बाजूला, कडीच्या दुसऱ्या. एकदा कडी भर दुपारी अकरा मिनिटं थबकली.

"आज वाटेत थांबला होतात का कुठे?" तिने संध्याकाळी सहज विचारलं.

"फाटक बंद होतं यार. मालगाडी संपता संपेना. का गं?"

"काही नाही. चहा घेणार ना?"

त्याला सांगायचं तिने दोनदा ठरवलं. पण तो घरी असला की कडी हलायची नाही, मग दाखवणार काय? आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायलाच लागलं होतं. रानावनात गेलेल्या माणसाची काळजी तिला आतून पोखरायची. आता मान वर केली की तो सुखरूप आहे हे कळायचं. कडी मंदावली की ती कणीक भिजवायला उठायची.

दोन मे रोजी श्रीरंग पहाटेच बहराइचकडे गेला. कडी व्यवस्थित सुरू झाली. साडेतीनला तिने मान वर केली तेव्हाही ती पूर्ण वेगात होती.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी जीपचा आवाज आला.

श्रीरंग आत आला. चपला काढल्या, माठातलं पाणी घटाघट प्यायला. "काय ऊन आहे! सगळे नमुने करपून गेले."

विनयाने खिडकीतून पाहिलं. जीप अंगणात उभी होती. चाकं चिखलाने माखलेली, स्थिर.

टेबलावर कडी फिरत होती.

"अहो, जरा इकडे या."

तो आला. टेबलाशी उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

"वाऱ्याने फिरत असेल," तो म्हणाला.

वीज सकाळपासून गेली होती. पान हलत नव्हतं. आणि जो बंद पडलेलं घड्याळही उघडून पाहिल्याशिवाय राहत नसे, त्या श्रीरंगने कडीला बोट लावलं नाही. तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो जीप घेऊन संस्थेत गेला, परत आला. कडीला त्याचा पत्ताच नव्हता. तिच्या वेगात तसूभर फरक पडला नाही.

बाकी त्याच्यात वावगं काही नव्हतं. ती शोधत राहिली. उजव्या भुवईवरचा तीळ जागच्या जागी होता. आमटीत कोकम कमी पडलं तर तो तसंच तोंड करायचा. लग्नात हरवलेल्या ट्रंकेची गोष्ट त्याने शब्दही न चुकता सांगितली. ती ऐकताना विनयाला रडू फुटलं, आणि कशाने, हे तिला त्याला सांगता आलं नाही. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात त्याचाच होता.

तो कॉलनीत पत्ते खेळायला गेला की ती टेबलाशी येऊन बसे. एकदा तिने शिवणाचा दोरा कडीला लावून दहा सेकंद गुंडाळू दिला आणि वेढे मोजले. पन्नास. चाकाचा घेर तिने टेपने मोजला, दोन मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटर. जपून चालवणाऱ्या माणसाचा वेग. श्रीरंग तसाच चालवायचा.

आज अकरा दिवस झाले. दहा हजार किलोमीटरच्या वर. एवढा लांब रस्ता लखनौहून कुठल्याच दिशेला जात नाही.

बाहेरच्या खोलीत श्रीरंग वर्तमानपत्र वाचतो आहे. मध्येच तिला हाक मारतो, ती ओ देते.

कडी फिरते आहे. कुठलं फाटक लागलेलं नाही. पेट्रोल भरायलाही तो एकदा थांबलेला नाही.