स्पर्शवय

घोरपड फ्रिजवर चढली आणि तिनं जीभ बाहेर काढली, तेव्हा सुबोध तांबवेकर दोन पावलं मागं सरला.

खरी घोरपड नव्हे हो! सामान हलवणाऱ्या कंपनीचं ते यंत्र. कंपनीनं त्याला 'स्पर्शशोधक' असं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण कराडात ते नाव कोणी उच्चारत नसे. हातभर लांब, करड्या रबरी अंगाचं आणि चार पंजांनी भिंतीला चिकटून सरसर वर जाणारं ते धूड पाहिलं की लोकांच्या तोंडी घोरपडच येई. आणि तिची ती जीभ! दोन बोटं रुंद, ओली, गुलाबी. फ्रिजचं हँडल तिनं वरपासून खालपर्यंत सावकाश चाटलं आणि पंजाखालून एक हिरवी चकती काढून त्यावर चिकटवली.

"शी!" सुबोध म्हणाला. "हे सगळं नंतर पुसून देणार ना तुम्ही?"

"पुसायचं काय त्यात, दादा? प्रत्येक घरात नवी जीभ लावतो आम्ही," कंपनीच्या सुप्रिया माने म्हणाल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत बाई. हातात त्या यंत्राचा पडदा धरून त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. "उलट तुमच्या फ्रिजचीच घाण तिला लागली असंल."

रेणुका, म्हणजे सुबोधची बायको, खुदकन हसली. सुबोधला काही हसू आलं नाही.

त्यांचं कोयनेकाठचं बैठं घर नव्या मोजणीत पूररेषेच्या आत गेलं होतं आणि महिनाअखेर ते खाली करायचं होतं. चार खोल्यांचा संसार आता मलकापुरात बाराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोंबायचा. काय न्यायचं आणि काय टाकायचं यावरून नवरा-बायकोत आठवडाभर इतकी तोंडातोंडी झाली, की शेवटी रेणुकानंच कंपनीला बोलावलं. तिथं भांडण नसतं. तिथं घोरपड ठरवते.

"ठरवते म्हणजे कसं?" सुबोधनं विचारलं होतं.

"सोपं आहे," मानेबाईंनी सांगितलं. "आपण कशालाही हात लावला की त्याला आपल्या कातडीचं तेल लागतं, अन् डोळ्याला न दिसणारे जंतू. ते तेल दिवसागणिक शिळं होत जातं. किती शिळं झालंय ते ही चाटून सांगते. गार जिभेला तेल सुटत नाही, म्हणून जीभ ऊन ठेवलेली असते, माणसाच्या अंगाइतकी. माणसाचा शेवटचा हात लागून किती दिवस झाले, ते त्या वस्तूचं स्पर्शवय. वर्षाच्या आतलं हिरवं, नव्या घरी. वर्षाच्या वरचं लाल, गोदामात. माणूस खोटं बोलतो दादा, 'लागतं, लागतं' म्हणतो. हात खोटं बोलत नाहीत."

सुबोधला ते पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि डोळ्यांदेखत बघणं वेगळं. दहा वाजेपर्यंत घोरपडीनं स्वयंपाकघर आणि पुढच्या खोल्या चाटून काढल्या, आणि शोधलेलं सगळं मानेबाईंच्या पडद्यावर चढत गेलं. लोणच्याच्या बरणीत चमच्याऐवजी बोटं जातात, कोणाची तेही. टीव्हीच्या रिमोटवर दोघांचे जंतू आणि त्याखाली तीन महिन्यांपूर्वीचा वरणाचा थर. मिक्सरच्या मागे जे होतं ते पाहून रेणुकानं स्वतःच तोंड फिरवलं. सुबोधची व्यायामाची चालपट्टी, जी त्यानं हौसेनं घेतली होती, तिच्यावर लाल चकती बसली. सातशे दोन दिवस!

"बघा," रेणुका म्हणाली. "रोज सकाळी काय करत होतात मग तासभर?"

"तू लोणच्याचं बोल," सुबोध म्हणाला.

आता सुबोधचं एक सांगायला हवं. हा माणूस जन्माचा किळसखोर, म्हणजे ज्याची-त्याची किळस येणारा. दुसऱ्याच्या कपातलं पाणी त्याला चालत नसे, लग्नाच्या पंगतीत वाढप्याचं नख दिसलं की जेवण संपलं. त्याचे वडील, तात्या, एसटीत कंडक्टर. दिवसभर साताऱ्यापासून चिपळूणपर्यंतच्या लोकांच्या घामट नोटा हाताळून घरी आले की पोराला उचलायला हात पुढे करायचे, आणि हे चार वर्षांचं पोर दोन पावलं मागं सरून म्हणायचं, "आधी हात धुवा." तात्यांना त्याचं कोण कौतुक! साबण लावून हात धुवायचे, पोराला वास घेऊ द्यायचे आणि मग उचलायचे. डेपोत सगळ्यांना सांगायचे, आमचा सुबा साहेब होणार म्हणून. सुबा खरंच पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत साहेब झाला.

मानेबाईंनी घराचा नकाशा पडद्यावर मोठा केला. "मागची खोली राहिली."

सुबोधनं रेणुकाकडे पाहिलं, रेणुकानं पाण्याची बाटली उचलली.

"ती नको," सुबोध म्हणाला. "तिथं वडील असतात. त्यांचं आम्ही वेगळं बघतोय."

त्यांचं वेगळं बघणं म्हणजे उंब्रजजवळचा म्हाताऱ्यांचा निगाश्रम. नाव घातलेलं होतं, शुक्रवारी गाडी येणार होती. तात्यांना अजून सांगितलं नव्हतं. कोण सांगणार यावर सांगायचंच राहिलं होतं, आणि खरं तर दोघांच्याही मनात होतं की गाडीतली माणसंच सांगतील.

तात्या चौऱ्याऐंशीचे. दोन्ही डोळ्यांत पडदा, पाय गेलेले. तीन वर्षांमागे त्यांच्या कातडीवर औषधाला न बधणारी बुरशी आली. डॉक्टर म्हणाले, चाळीस दिवस कोणी हात लावायचा नाही. तेव्हा ही निगाखाट आणली. तिच्या दोन मऊ रबरी हातांनी ती तात्यांना कूस बदलवी, पुसून काढी, पेज भरवी, खालचं सगळं आवरी. पाण्याची नळी भिंतीतून, घाण दुसऱ्या नळीनं बाहेर. सुबोधला वाटलं होतं, विज्ञानानं माणसावर याहून मोठा उपकार केलेला नाही. बुरशी पंचविसाव्या दिवशी गेली. चाळीस दिवस संपले. डॉक्टरांनी 'आता लावा हात' असं काही म्हटलं नाही, आणि यांनी विचारलं नाही.

बाकी रीतभात सोडली नव्हती, बरं का! पाडव्याला नवे कपडे घालून दोघं उंबऱ्यात उभी राहत आणि तिथूनच वाकून नमस्कार करत. "तात्या, नमस्कार करतोय हं," असं मोठ्यानं सांगत, कारण त्यांना दिसत नव्हतं. दसऱ्याला उंबऱ्यातूनच आपट्याचं पान खाटेनं पुढे केलेल्या तबकात टाकत. तात्या आशीर्वादाचा हात वर करून हवेतच धरत, कोणाचं डोकं त्याखाली येतं का याची वाट बघत. थोड्या वेळानं खाटेचा हात तो हळूच खाली ठेवी आणि तबकातलं पान कचरा समजून उचलून नेई. आपण पाया पडतो, सोनं देतो, आपलं काही चुकत नाही, अशी या दोघांची पक्की समजूत होती.

"घोरपड कुठाय?" रेणुकानं विचारलं.

खोलीभर कुठंच नव्हती. मानेबाईंनी पडद्यावर पाहिलं. "गेली की आत. दार पुरतं लागत न्हाई वाटतं तुमचं."

लागत नव्हतंच. नळ्यांमुळे तीन बोटं फट राहायची. सुबोध धावला आणि सवयीनं उंबऱ्यातच थांबला.

खोलीत औषधी लिंबाचा वास होता आणि त्याखाली दुसरा, ज्यासाठी सुबोध नेहमी श्वास धरून उभा राही. घोरपडीनं खाट चाटली होती, उशी चाटली होती. आता ती पांघरुणावरून तात्यांच्या उजव्या हाताशी आली. त्या हाताची कातडी कागदासारखी पातळ, पापुद्रे सुटलेली, नखं खाटेनं नीट कापलेली. घोरपडीनं जीभ काढली आणि तळहातावरून सावकाश फिरवली.

तात्यांचं अंग थरथरलं. सुबोधला वाटलं, घाबरले. तो ओरडणार होता, "मानेबाई, काढा तिला!" पण तात्यांची बोटं मिटली. ती ओली, गुलाबी, किळसवाणी जीभ त्यांनी मुठीत घट्ट धरली.

"सुबा?" तात्या म्हणाले. "तू व्हय रं?"

सुबोध उंबऱ्यातच राहिला.

"हात धुऊन आलास न्हवं? ओला हाय." तात्या हसले. दात नव्हते, हिरड्या दिसल्या. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत गेलं. "लई दिवसांनी आलास. बस. घाई हाय का?"

घोरपड बसली होती. जीभ अडकल्यावर ओढायची नाही, समोरच्या वस्तूला इजा होईल, असं तिला शिकवलेलं होतं. तात्यांनी हळूहळू मूठ सैल केली आणि तिच्यावर दोनदा थोपटलं. मग तिनं जीभ आत घेतली, पंजा उचलला आणि तात्यांच्या मनगटावर चकती चिकटवून खाटेखालून निघून गेली.

चकती लाल होती.

मागे येऊन उभ्या राहिलेल्या मानेबाईंच्या पडद्यावर ओळ उमटली. 'वस्तू क्रमांक चारशे अठरा. स्पर्शवय एक हजार एकशे सत्तावीस दिवस. गोदामात न्यावी.'

"अगं बाई," मानेबाई म्हणाल्या. मग पडदा पालथा करून म्हणाल्या, "माणूस मोजायचा नसतो हो तिनं. दिवस तिनं खाटेला लागलेल्या दुसऱ्याच्या शेवटच्या हातावरून धरले. पण माणसाला तिनं वस्तू कसं काय म्हटलं, तेच मला... ती जिवंत माणूस ओळखते. त्याच्या अंगावर दुसऱ्या माणसांचे जंतू असतात, त्यावरून. यांच्या अंगावर एक न्हाई सापडला."

सुबोधला खरोखर ओकारी आली. लोणच्याची, रिमोटची, जिभेची किळस एकीकडे आणि ही एकीकडे. ही आपल्याच अंगाची येत होती आणि ती धुवायला कुठं जाणार? तो मोरीत गेला, चूळ भरली, तोंड धुतलं. हात धुतले. पुन्हा धुतले. आरशात पाहावंसं वाटलं नाही.

बाहेर आला तेव्हा रेणुका भिंतीला टेकून रडत होती. "ती चकती काढा हो," ती म्हणाली. "आधी ती काढा."

"मी काढू?" मानेबाई म्हणाल्या आणि लगेच स्वतःलाच गप्प केलं. "नको. तुमचं तुम्ही काढा."

सुबोध उंबऱ्यात गेला. प्रयोगशाळेत घालायचे रबरी हातमोजे त्याच्या खिशात नेहमी असत. त्यानं ते काढले आणि घातले. हो, घातले! त्याही क्षणी घातले, आणि ते घालताना आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं. मग तो खोलीत शिरला, अकराशे सत्तावीस दिवसांनी, आणि चकतीला बोट लावलं.

तात्यांनी हात झटकन मागं घेतला. "कोन हाय?"

"मी, तात्या. सुबोध."

"सुबा मघाशी येऊन बसला हुता. त्येचा हात ऊन हुता." तात्यांनी पांघरूण वर ओढलं. "तुमी खाटंचे का? पुसून झालंय माजं सकाळीच."

सुबोधनं एक हातमोजा ओढून काढला, दुसरा काढताना फाटला. उघड्या हातानं त्यानं ते मनगट धरलं. पापुद्रे बोटांना लागले, अंगभर शहारा आला, हात आपोआप मागं यायला बघत होता. त्यानं येऊ दिला नाही. चकतीची कड नखानं उचलून ती हलकेच सोडवली, आणि नंतरही मनगट सोडलं नाही.

"तात्या, ऐका. घर बदलायचंय आपल्याला. मलकापूरला जायचंय. बारावा मजला आहे, वारा येतो." तो म्हणाला. "दोनच खोल्या आहेत. तुम्ही येताय आमच्याबरोबर. कळलं का? शुक्रवारची गाडी मी नको म्हणून सांगतो."

कसली गाडी ते तात्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी ते विचारलंही नाही. आपलं मनगट त्यांनी परक्या माणसाजवळ राहू द्यावं तसं अवघडून राहू दिलं आणि अदबीनं, एसटीत नवख्या प्रवाशाशी बोलत तशा आवाजात म्हणाले, "येतो की. तुमी म्हनता तर येतो, साहेब. पन मघाचा त्यो आमचा सुबा, त्यो बी येनार हाय न्हवं बरोबर?"