शेजारची सीट

गुडघा वाकत नसेल तर माणूस गाडीत कसा बसणार, हे विचारत ती तीन शोरूम हिंडून आली होती. सगळीकडे एकच उत्तर, "होईल मॅडम, सगळं होईल." वर गार पाणी आणि गोड हसू. पण ती पडली कपडे शिवणारी. तोंडी मापावर तिने कधी कात्री उचलली नव्हती. चौथ्या शोरूममध्ये तिने सरळ पर्समधून टेप काढली आणि सीटची उंची मोजायला खाली बसली.

"दुसरं टोक धरू का?"

तिने वर पाहिलं. टाय लावलेला एक सेल्समन होता, आणि ती हो म्हणायच्या आत तो फरशीवर टेकलासुद्धा. टोक देताना बोटाला बोट लागलं... दोघांनीही टेपकडेच पाहिलं.

"कुणासाठी मोजताय?"

"आईसाठी. एक गुडघा काठीसारखा ताठ आहे, बसची पायरी चढवत नाही. तिकडे मावशी अंथरुणाला खिळलीय. दोघी बहिणींची शेवटची भेट तरी व्हावी, एवढंच आहे... आता तुम्हीही म्हणा, होईल."

त्याने गळ्यातला टाय सोडला, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि टायने स्वतःच्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत आवळून बांधली. मग त्या ताठ पायाने गाडीत शिरायला गेला आणि निम्म्यातच अडकला. धड आत, पाय बाहेर. कित्येक दिवसांनी तिला हसू आलं.

"नाही होणार," आतून आवाज आला. "समोरच्या शोरूममधली घ्या. तिची सीट आणखी मागे सरकते."

"अहो, ते तुमचे स्पर्धक ना?"

"आहेत. पण गुडघा आईंचा आहे."

काचेपलीकडे त्याचे साहेब सगळं ऐकत होते.

तिने समोरची गाडी घेतली. आई पाय लांब करून ऐटीत बसली आणि मावशीकडे जाताना वाटभर लेकीने सांगितलेल्या त्या टायवाल्याबद्दलच बोलत राहिली. "तोंडावर नाही म्हणणारा माणूस हातचा घालवू नये गं," ती म्हणाली. मावशीचा हात आईने दुपारभर सोडला नाही. त्यानंतर मावशी गेली, आणि वर्ष सरायच्या आत आईही.

शेजारची सीट तशीच मागे सरकवलेली राहिली. तिथे तिने कुणाला बसू दिलं नाही, कापडाचे गठ्ठेही मागेच ठेवले. घरात कुणी उरलं नव्हतं, आणि ते तिला सर्वात जास्त गाडीत जाणवायचं.

एका सकाळी तिने गाडी त्याच्या शोरूमपुढे उभी केली. टायवाला म्हणताच पहारेकऱ्याने मागच्या गोदामाकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून त्याची रवानगी तिथेच झाली होती. तो हात पुसत बाहेर आला.

"आई गेली," ती म्हणाली.

"भेट झाली होती त्यांची?"

"झाली."

"मग बरं झालं."

सगळं ठीक होईल, असं इतरांसारखं तो म्हणाला नाही, आणि इतके दिवस अडलेलं तिचं रडू तिथेच फुटलं. तो नुसता जवळ उभा राहिला.

"माझ्यामुळे टाय गेला तुमचा," डोळे पुसत ती म्हणाली.

"उकाड्याचं बरंच आहे. छत्री मात्र वाकली, तिची भरपाई द्या."

ती ओलसर हसली. मग तिने शेजारचं दार उघडलं. "बसा."

"सीट पुढे घेऊ?"

"नको... असू दे तशीच."

तो पाय लांब करून अवघडून बसला. तिने चावी लावली, पण फिरवली नाही.

"मला तुम्ही आवडता," समोर बघत ती म्हणाली. "त्या दिवसापासूनच. आता खरं सांगा, होईल का आपलं काही?"

तो तिच्याकडे वळला. हा माणूस नाही म्हणू शकतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"होईल," तो म्हणाला.

तिने चावी फिरवली.